केतकीच्या मशीनची खंडेनवमी

कुकटपल्ली, हैदराबाद
कोजागिरी उलटल्यावर

आधी तक्रार ऐका, नमस्कार कुठं पळून जात नाही. तुमचं पत्र आमच्या सुनेच्या, त्रिवेणीच्या नावानं आलं. पाकिटावर त्रिवेणी, आत त्रिवेणी, आणि शेवटी "घरातल्या सर्वांना नमस्कार". या घरातली सगळ्यांत जुनी वस्तू मी, आणि मला तुम्ही "सर्वां"मध्ये ढकललंत, फोडणीतल्या मोहरीसारखं. बरं, पत्रभर गुन्हा माझाच लिहिलाय. "घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्या खोक्याशी जो खेळ केला" असं. वडीलधारी म्हणजे मीच ना? मग नाव घ्यायला काय झालं? शिवी द्यायची तर ती पत्त्यासकट द्यावी, म्हणजे चुकीच्या घरी जात नाही. आणि दुसरं, त्याला खोकं म्हणायचं नाही. तो सर्व्हर आहे. तुमच्या मुलीनंच मला शिकवलंय, तुम्हाला शिकवायचं राहिलं असेल.

आता रीत. सौ. अलकाबाई यांना मालनबाईचा नमस्कार. (वयानं तुम्ही मला लेकीसारख्या, तेव्हा आशीर्वाद लिहायला हवा होता. पण नातसुनेची आई म्हणजे विहीणच, आणि विहिणीला आशीर्वाद दिला की तिला तो टोमणा वाटतो. तेव्हा तुम्ही नमस्कार घ्या आणि आशीर्वाद केतकीला द्या.) दिलीपरावांचा गुडघा कसा आहे? तुमचा घसा बसला होता म्हणे, फोनवर तर मोकळा वाटला. केतकीच्या पायांना सूज असेल तर तिचं मीठ कमी करा, आणि जमलं तर उपदेशही. इकडे सगळं ठीक. माझा उमाजी बेगम बाजारातलं मिरची-धन्याचं दुकान सांभाळतो, त्रिवेणी उमाजीला सांभाळते, आणि तुमचे जावई रितेश त्या माधापूरच्या मोठ्या कंपनीत जाऊन येतात. तिथं काय सांभाळतात ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

मुद्द्यावर येते. तुम्ही लिहिलंय की मूल झाल्यावर केतकीनं हा उद्योग सोडावा, सगळं त्या मिलिंदच्या हाती द्यावं आणि मशीन विकून टाकावं. रितेशलाही ते पटलंय म्हणता. पटेल. ज्याला न विचारता सगळं चालतं त्याला ते बंद झालेलंही चालतं. पण ज्या कारणासाठी तुम्ही हे म्हणताय ते कारण तुम्हाला अर्धंच कळलंय, आणि तेही रितेशकडून, म्हणजे त्यातलंही अर्धं. म्हणून झालं ते माझ्या हातानं लिहिते. माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही गौलीगुड्यातल्या एका देवळाच्या ओसरीवर. निजामाचं राज्य होतं, बाहेर उर्दू आणि ओसरीवर मराठी. तेव्हा शुद्धलेखन शोधत बसू नका, चष्मा खराब होईल.

पहिल्यापासून सांगते, कारण तुम्ही लग्नानंतर इकडे आलात तेव्हा त्या खोलीत डोकावलाच नाहीत. (धूळ असेल म्हणालात. तिथं धूळ नसते. या घरात देवघराआधी ती खोली पुसली जाते.) केतकीनं आमच्या पुढच्या खोलीत सर्व्हर ठेवला. टेलिफोनवाल्यांकडून त्याच्यासाठी वेगळी तार आणली. बेगम बाजारातल्या पंधरावीस दुकानांची पत्रं त्याच मशीनमधून येतात-जातात, आणि त्यांच्या मालाचे भावही त्यातच लागतात. दिल्लीचा बदाम, गुंटूरची मिरची, कुठलं काय. पूर्वी उमाजी ट्रंक-कॉल लावून लावून बहिरा व्हायचा, आता दिल्लीचा माणूस लिहितो आणि इकडे वाचता येतं. हे काम केतकीनं एकटीनं उभं केलं. रितेशनं टेबल उचलायला हात लावला होता, तो मी नाकारत नाही.

सुरुवातीला या मशीनची देखभाल मिलिंद करायचा. मिलिंद म्हणजे रितेशचा दोस्त, पोरगा वाईट नाही, पोह्याला नाही म्हणत नाही. तो आला की काळा पडदा उघडायचा. काळ्यावर पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. तो आमच्याकडे पाठ करून बसायचा आणि टकटक टकटक. आमच्या गौलीगुड्याच्या भटजींची आठवण यायची. तेही असेच तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे, मधे थांबायचे, आणि आपल्याला कळायचं नाही की मंत्र संपला की विसरला. झालं का विचारलं तर मिलिंद म्हणायचा, होतंय. काय झालं होतं विचारलं तर म्हणायचा, तुम्हाला नाही समजणार आजी. आणि एकदा तो चुलतभावाच्या लग्नाला वरंगळला गेला, तर पूर्ण बेगम बाजार मुका. सगळी विद्या त्याच्या बोटांत, आणि बोटं वरातीत नाचतायत. ते लग्न उरकेपर्यंत केतकी नखं खात होती. तिला त्या काळ्या पडद्याची भाषा येत नव्हती असं नाही, पण मिलिंदनं आत काय कुठं ठेवलंय ते मिलिंदलाच ठाऊक. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात रात्रीचं मीठ शोधण्यासारखं.

त्यानंतर तुमच्या मुलीनं जे केलं ते सांगते, आणि हे वाचताना जरा सरळ बसा. तिनं एक पॅनेल आणून बसवलं. विकत नाही आणलं. कुठल्यातरी परदेशातल्या एका माणसानं ते बनवलं आणि सगळ्या जगासाठी उघडं ठेवलं. नुसतं वापरायला नाही, त्याच्या आतली सगळी कृतीसुद्धा उघडी. ज्याला कळतं त्यानं बघावी, चुकलं असेल तर दुरुस्त करावी, पुढच्याला द्यावी. ते मशीन ज्यावर चालतं ते लिनक्सही तसंच म्हणे. मी केतकीला विचारलं, त्याला यात काय मिळतं? ती म्हणाली, नाव मिळतं आणि चुका सापडतात. मला ते फार पटलं. (तुम्ही लग्नात गोड्या मसाल्याचा डबा दिला होतात. त्रिवेणीनं कृती मागितली, तुम्ही हसून सांगितलीत, आणि तिनं तीन वेळा केला तरी तुमच्यासारखा झाला नाही. मी काही म्हणत नाही. मी फक्त उघड्या कृतीबद्दल बोलतेय.)

तर हे पॅनेल कसं असतं ते ऐका. रंगीत पान उघडतं आणि त्यावर मशीनच्या आतलं प्रत्येक काम चित्र होऊन बसलेलं असतं. पत्रांच्या कामाला लिफाफा. दुकानांची पानं दाखवायच्या कामाला पक्ष्याचं एक पीस. (पिसाचा आणि दुकानाचा काय संबंध ते मला कळलं नाही, पण उंदराचा आणि गणपतीचा तरी काय संबंध आहे, आपण विचारतो का.) भाव साठवायच्या कामाला एक मासा. ठरल्या वेळी आपोआप होणाऱ्या कामांना घड्याळ. बाण चित्रावर नेऊन दाबलं की आत ते काम चालू आहे की बंद ते दिसतं, आणि खाली दोन बटणं, एक थांबवायचं, एक चालू करायचं. झालं. जे काम मिलिंद पाठ करून तासभर टकटकत करायचा ते इथं तोंड समोर करून होतं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण लिफाफा ओळखायला कुठली शाळा लागते?

पण अलकाबाई, चित्रांनी मी भुलले नाही. चित्रं काय, कॅलेंडरवरही असतात. मी भुलले ती त्या पॅनेलच्या कारभाराला. त्यात माणसंही मांडून ठेवलेली असतात, आणि ज्याला जेवढं द्यायचं तेवढंच कपाट त्याला उघडतं. बाकीची कपाटं त्याला दिसतसुद्धा नाहीत, म्हणजे हेवाही वाटत नाही. सगळ्या किल्ल्यांचा जुडगा केतकीच्या कमरेला. मिलिंदला फक्त घड्याळ. रितेशला सगळं बघायचा हक्क, हात लावायचा नाही. (त्यानं एकदा जागा मोकळी करतो म्हणून एका दुकानदाराची जपून ठेवलेली पत्रं पुसून टाकली होती. हे त्यानं तुम्हाला सांगितलं नसेल.) मी आयुष्यभर हे घर चालवलं. लोणच्याची बरणी कुणी उघडायची, तुपाला कुणी हात लावायचा, यावरून भांडणं मिटवता मिटवता केस गेले. सुनेला कोठीची किल्ली द्यावी तर ती साखरेलाही लागते, न द्यावी तर ती रुसते. आणि इथं कुण्या परक्या माणसानं असं कुलूप बनवून ठेवलंय की जे साखरेला उघडतं आणि तुपाला नाही, आणि ते फुकट वाटतोय. मला हे तरुणपणी मिळालं असतं तर त्रिवेणीचं आणि माझं पहिलं दशक सुखात गेलं असतं.

केतकी बाळंतपणाला तुमच्याकडे निघाली तेव्हा प्रश्न पडला की दिवसा घरात कोण. लाइट गेली आणि परत आली की मशीन जागं होतं, पण लिफाफा कधीकधी झोपलेलाच राहतो, त्याला कुणीतरी उठवावं लागतं. मिलिंद म्हणाला, मी येत जाईन. केतकी हौ म्हणाली, आणि तो गेल्यावर मला त्या खोलीत नेलं. माझ्या नावाचं खातं उघडलं. लिफाफा, पीस आणि मासा, तिन्हींचं चालू-बंद मला दिलं. म्हणाली, आजी, तुमच्याकडून काही मोडणार नाही, मोडायचा हक्क तुम्हाला दिलेलाच नाही. एवढं सरळ माझ्याशी माझ्या सासूनंतर कुणी बोललं नव्हतं. ती गेल्यावर लाइट बऱ्याचदा गेली, आणि प्रत्येक वेळी मी जाऊन लिफाफा उठवला. बेगम बाजाराला पत्ताही लागला नाही. शेजारच्या सावित्रम्मा येऊन बघून गेल्या आणि त्यांच्या मुलाला सांगत्या झाल्या की कंप्यूटर शिकायला कैकू एवढी फी भरतोस.

मग आली खंडेनवमी. आता तुमच्या पुण्यात काय करतात मला ठाऊक नाही, फुलं वाहून कामाला जात असतील. आमच्याकडे तसं नाही. नवमीला घरातलं प्रत्येक हत्यार धुऊन पुसून पुजायचं. दुकानाचा तराजू, मापं, पोती शिवायचा दाभण, घरची विळी, त्रिवेणीचं शिलाई मशीन, रितेशची स्कूटर. आणि एकदा पुजलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वर्षभर जे आपल्यासाठी झिजलं त्याला एक दिवस निजू द्यायचं. नवमीला आमच्याकडे भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवतात, विळी झोपलेली असते म्हणून. माझे मालक नामदेवराव होते तेव्हा तर दुकानातल्या हमालाचा पोती ओढायचा आकडाही पुजायचे आणि हमालाला जेवायला घालायचे.

दरवर्षी केतकी सर्व्हरच्या डोक्यावर झेंडूचं फूल ठेवायची आणि आत तो घरघरत असायचा. मी म्हणायची, अगं, हे झोपलेलं नाही. ती म्हणायची, मनातून झोपलंय. मी गप्प बसायची, कारण तेव्हा माझ्यासाठी ते एक बंद कपाटच होतं. पण या वर्षी तसं कसं चालेल? आता मला ठाऊक होतं की हत्यारं आत आहेत, तीन माझ्या ताब्यात आहेत, आणि ती नावानिशी समोर दिसतायत. वरच्या पत्र्याला हळद-कुंकू लावायचं आणि आतल्यांना राबवायचं, म्हणजे दुकानाच्या शटरला हार घालून आत माप चालू ठेवण्यासारखं. तेव्हा मी सकाळी न्हाऊन बसले, आणि लिफाफा थांबवला, पीस थांबवलं, मासा थांबवला. मग त्या तिन्ही चित्रांच्या पानावर आले आणि काचेवरच एकेकाला हळद-कुंकू लावलं. तेलात कालवलेलं, टिकावं म्हणून. समोर नारळ ठेवला, निरांजन ओवाळलं. अलकाबाई, कधी नव्हे ते मशीन असं शांत दिसलं. पॅनेल तेवढं जागं राहिलं. किल्ल्यांची खुंटी झोपत नाही, हेही मला बरोबर वाटलं.

बेगम बाजारातली निम्मी दुकानं त्या दिवशी स्वतःच पूजेत होती, त्यांना काही कळलं नाही. पण आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे सुक्यामेव्याचे बंकटलालजी. ते मारवाडी, त्यांची पूजा दिवाळीला, वह्यांची. नवमीला त्यांचा दिल्लीशी दिवाळीच्या मालाचा सौदा चालू होता, आणि दुपारी दिल्लीचं पत्र येईना. त्यांनी रितेशला फोन केला. रितेश घरी आला, बूट न काढता त्या खोलीत. त्याच्या नावानं पॅनेल उघडलं, सगळं बंद दिसलं, आणि हात लावायचा हक्क नाही. मिलिंद आला, त्याच्याकडे घड्याळ. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. रितेश म्हणाला, आजी, तुझा पासवर्ड दे. मी म्हणाले, पुजलेलं हत्यार उचलत नाहीत. मग मिलिंद म्हणाला की मशीन बटणानं बंद करून परत लावलं की सगळं आपोआप उठेल, आणि हात पुढं केला. मी पाट ओढला आणि मशीनसमोर बसले. निरांजन तेवत होतं. मिलिंदला माझ्यावरून हात नेता येईना आणि रितेशला मला उठवता येईना. (स्वयंपाक त्रिवेणीनं तिथंच आणून दिला. पुरणपोळी होती, चांगली झाली होती. हे मी तिला सांगितलेलं नाही.)

रितेशनं तुम्हाला फोन लावला. फोन तुम्ही घेतलात. केतकी झोपलीय, डॉक्टरांनी आराम सांगितलाय, मी उठवणार नाही, हे तुम्ही म्हणालात ते बरोबरच केलंत. मीही लेकीला उठवलं नसतं. पण पुढं तुम्ही म्हणालात की ते खोकं कायमचं बंद पडलं तर मी चितळे-बितळे जिथं मिळतील तिथून पेढे आणून वाटीन. ते पेढ्यांचं बोलायला नको होतं. रितेशनं ते मला ऐकवलं आणि तेव्हापासून त्याचाही सूर बदलला. तो म्हणायला लागला की पुण्याच्या आई बरोबर म्हणतात, या व्यापाला अर्थ नाही, सगळं मिलिंदला देऊन टाकू. मिलिंद पोळी खात होता, दुसरी पोळी त्यानं मागून घेतली.

दसऱ्याची सकाळ झाली. रितेश जम्मीची, म्हणजे शमीची, पानं आणायला बाहेर गेला होता. मी पूजा केली, नारळ फोडला, म्हटलं आता उठा. कुंकवाचं बोट जिथं होतं तिथं बाण नेऊन दाबलं. लाल अक्षरं आली आणि मला बाहेर काढलं. दुसऱ्या बोटावर दाबलं, परत लाल अक्षरं. मला वाटलं अजून झोप झाली नसेल. नंतर कळलं काय झालं होतं ते. त्रिवेणीनं सकाळी टेबल पुसलं, त्यात ते माउस, उंदीर म्हणतात, त्याचं चाक फिरलं, आणि पान वर सरकलं. चित्रं गेली वर, आणि माझं कुंकू काचेवर जागच्या जागी. पान आदल्या दिवशीचं, रितेशच्या नावाचं उघडं राहिलेलं, म्हणून खाली त्याला दिसणारी पण न उघडणारी दुसऱ्यांची कपाटं आली होती. मी आपली भक्तिभावानं केतकीच्या तिजोरीवर टिचक्या मारत होते, आणि पॅनेल मला दर वेळी नाही म्हणत होतं. चिडलं नाही, मोडलं नाही, काही उघडलं नाही. तुम्ही म्हणता मी खेळ केला. मी म्हणते, अशी वस्तू दाखवा जिच्याशी एक म्हातारी तेल, कुंकू आणि अज्ञान घेऊन भिडली आणि जिचं काही बिघडलं नाही. मिलिंदचा काळा पडदा असता तर त्यानं पहिल्या टिचकीला दिल्ली पुसली असती.

मग मी ओल्या फडक्यानं कुंकू पुसायला गेले आणि सगळी काच लाल झाली. त्या लालीतून काहीच दिसेना. तेवढ्यात रितेश आला, मागून मिलिंद. रितेशनं डोक्याला हात लावला, मग रुमालानं मधली जागा पुसली आणि पान परत उघडलं. लिफाफा चालू. पीस चालू. मासा चालू. आमच्यापैकी कुणीही हात लावला नव्हता. मिलिंदनं एवढंच म्हटलं, पुण्याहून. तुम्ही सांगितलं नसणार हे मला ठाऊक आहे, तेव्हा दिलीपरावांनी सांगितलं असेल, आणि केतकी त्यांच्या कंप्यूटरवर जाऊन बसली असेल, पोटामुळं जरा लांबूनच. इथून शेकडो कोस, आणि तिनं माझ्या खोलीतली तीन हत्यारं उठवली. आणि पत्रंही हरवली नव्हती. समोरच्या गावचं मशीन दार बंद दिसलं की पत्र टाकून पळत नाही, थांबतं आणि पुन्हा येतं म्हणे. बघता बघता दिल्लीची सगळी पत्रं रांगेनं आत आली. मी पोस्टमन असा पाहिलेला नाही.

मग मी माझ्या नावानं पॅनेल उघडायला लावलं. उघडलं. वर माझं नाव होतं आणि खाली काही नव्हतं. लिफाफा नाही, पीस नाही, मासा नाही. तिनं माझ्या किल्ल्या काढून घेतल्या होत्या. फोन नाही, बोलणं नाही, रडारड नाही. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं, फक्त आधी चार माणसांत बोलले असते. तेवढा तिच्यात आणि माझ्यात फरक, आणि तो तिच्या बाजूचा आहे.

आता तुमच्या पत्रात नाही ते. दसऱ्यानंतर बंकटलालजी स्वतः घरी आले, गाडीतून, काम काढून घ्यायला. सगळं मिलिंदला देतो म्हणाले. मी त्यांना खुर्ची दिली आणि रितेशला म्हटलं, तुझ्या "बघा पण हात लावू नका"मधून त्यांना दाखव. नवमीला काय झालं ते मीच सांगितलं, लपवलं नाही. लिफाफा दाखवला, तो कुणाच्या हाती होता, कुणी थांबवला, कुणी कुठून उठवला, आणि माझं नाव आता कसं मोकळं आहे तेही. ते हसले नाहीत. माझ्या मोकळ्या नावाकडे बराच वेळ बघत बसले. त्यांच्याकडे चार पुतणे आहेत, आणि गोदामाच्या किल्ल्यांवरून चौघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, हे सगळ्या बेगम बाजाराला ठाऊक आहे. त्यांनी रितेशला विचारलं की भाव बघेल पण बदलणार नाही असा पुतण्या यात करता येतो का. रितेश म्हणाला, येतो. बदलेल पण दिल्लीची पत्रं वाचणार नाही असा? तोही येतो. आणि चुकला तर बोलण्याआधी काढून घेता येतं? मी म्हणाले, माझ्याकडं बघा.

मग त्यांनी मला विचारलं, "अम्माजी, ये बहू कब आती?"

मी म्हणाले, मिलिंद आहे ना. तर ते म्हणाले, "वो पोट्टा अच्छा है, मगर उसका काम दिकता नै."

तेव्हा ऐका. बंकटलालजी काम काढून घेत नाहीत, वाढवतायत. पण त्यांना केतकीच पाहिजे, मिलिंद नको. सव्वा महिना होईपर्यंत ते थांबायला तयार आहेत. तिनं पुढं काय करायचं ते ती ठरवेल, तुम्ही नाही, रितेश नाही, आणि मीही नाही. पण तिला ही बातमी मिळायच्या आधी तुम्ही तिच्याकडून "सोडते" म्हणवून घेऊ नका. रितेशला मी सांगितलंय की मशीन विकायचं झालं तर आधी माझ्या पाटासकट विकावं लागेल. आणि कंप्यूटरच्या किरणांनी पोटातल्या बाळाला काही होईल असं तुम्ही लिहिलंय, त्यावर एवढंच सांगते की उमाजीच्या वेळी मी शेवटपर्यंत मिरचीच्या वखारीत बसून शिंकत होते. पोरगा जरा तिखट झाला, बाकी धड आहे. केतकी दिवसातून थोडा वेळ पॅनेल उघडून बसली तर तिच्या पाठीला लोड द्या, एवढंच काम आहे तुमचं. मूल त्याच्या वेळेला येईल. त्याला चालू-बंद करायचा हक्क अजून कुणालाच दिलेला नाही.

दिलीपरावांना रागावू नका.

तुमची विहीण,
मालनबाई

ता.क. काचेच्या कडेचं कुंकू जात नाही. सगळे दुकानदार मशीनला आता सौभाग्यवती म्हणतात. केतकीला सांगू नका, बघेल आल्यावर.

ता.क. तुमच्या मसाल्यात नागकेशर असतं, आणि तेच तुम्ही सांगितलं नव्हतं. मी डब्याचा वास घेऊन घेऊन काढलं. रागावले नाही. उलट माझ्या येसर मसाल्याची कृती यासोबत पाठवतेय, पूर्ण, काही न गाळता, भाजताना विस्तव किती ते धरून. चुकलं असं वाटलं तर दुरुस्त करा आणि मला कळवा. पुढं कुणालाही द्या.

ता.क. आता खरं काम. वरचं सगळं खरंच आहे, पण एवढं लिहिलं ते याच्यासाठी. माझा लिफाफा केतकीनं सध्या मिलिंदला दिलाय. लाइट गेली की तो येतो, पोहे खातो आणि लिफाफा उठवतो, आणि मी दारात उभी राहून बघते. मला पीस नको, मासा नको. केतकीनं मला लिफाफा तेवढा परत द्यावा. विश्वास नसेल तर फक्त चालू करायचं बटण द्यावं, थांबवायचं ठेवूच नये. असं करता येतं, मी बंकटलालजींचं निमित्त करून रितेशकडून विचारून घेतलंय. पुढच्या खंडेनवमीला मशीन मनातून झोपलं तरी चालेल.

या पत्राचं उत्तर तुम्ही लिहायचं नाही, आणि त्रिवेणीच्या नावानं तर मुळीच नाही. उत्तर केतकीनं द्यायचं, तेही कागदावर नको. मी रोज सकाळी देवपूजा झाली की पॅनेल उघडून बसते. माझ्या नावाखाली लिफाफा दिसला की उत्तर पोचलं.